फोनसोबत घड्याळ दाखवू का?

५ जाने., रविवार
सकाळी दुकान उघडायच्या आधी मीटिंग. दुकानाचे ओमानी मालक, आमचे अर्बाब, स्वतः आले होते. त्यांचा एकच प्रश्न : कुरुममध्ये आपल्या दुकानातून इतके फोन जातात, मग तीच माणसं स्मार्टवॉच का घेत नाहीत? मॅनेजर थॉमसने प्रश्न वहीत उतरवून घेतला.
ठरलं असं की घड्याळांचं वेगळं काउंटर करायचं. दोन महिने बघायचं. चाललं नाही तर काउंटर बंद आणि एक माणूस कमी.
काउंटर मला. थॉमस म्हणाला, "दिलीपभाई, आपकी उमर है, कस्टमर आप पर भरोसा करता है."
म्हणजे कमी होणारा माणूस कोण, ते ठरलंच.

८ जाने.
फोनच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचं, 'सोबत घड्याळ दाखवू का?' दिवसभर विचारलं.
एक ड्रायव्हर : "टाइम तो फोन में है ना भाई."
एक ओमानी पोरगा, महागातला फोन घेतलेला. नुसतं मनगट पुढे केलं. जुनं, साखळीचं घड्याळ. "आजोबांचं आहे," म्हणाला.
मदिनत सुलतान काबूस वस्तीतली एक मराठी बाई : "अहो, त्या मोबाइलनेच वीट आणलाय. आता हाताला पण बांधून घेऊ?"
विकली : शून्य. पाय सुजलेत.

११ जाने.
थॉमसचा हुकूम. डेमोचं घड्याळ मी घालायचं. स्वतःच्या हातात नसेल तर लोक का घेतील, म्हणे. माझ्या फोनला जोडून दिलं. आता रोज दोन-दोन यंत्रं चार्ज करा.
मुश्ताक हसतोय. हमरियातल्या खोलीत आम्ही दोघं एकत्र राहतो त्याला आता अकरा वर्षं झाली, दापोलीकडचा आहे, याच दुकानात कामाला, कशालाही हसतो. म्हणाला, "आता तू झोपतोस किती ते पण कंपनीला कळणार."
घड्याळाच्या मते चार तास दहा मिनिटं. मला वाटायचं सहा तरी होत असतील.

१६ जाने.
दुपारी स्टॉकरूममध्ये खोके उतरवत होतो. मनगटावर घड्याळ थरथरलं, बघितलं तर मजकूर : ठोके अनियमित वाटतात, डॉक्टरांना भेटा.
खोक्यावर बसलो. छातीत फडफड होतीच, पण ती तर दिवाळीपासून आहे. ॲसिडिटी समजत होतो.
मुश्ताकला दाखवलं. "काढून ठेव ते आधी. नसतं लचांड."
काढलं. मग परत घातलं. थॉमस बघत होता.

१८ जाने.
परत तोच मजकूर. बायकोचा, सुनंदाचा, गुहागरहून फोन आला, गड्याने माडांना पाणी सोडलं नाही वगैरे. बरंय म्हटलं. घड्याळाचं सांगितलं नाही.

२१ जाने.
रुवीतल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी काढली, बघत राहिल्या. घड्याळ बरोबर सांगतंय म्हणाल्या. रक्त पातळ राहायची गोळी, रोज, चुकवायची नाही. हृदयाची सोनोग्राफी करून घ्या. "जिना चढताना दम लागतो का?" लागतो. "किती दिवस?" आठवेना.
घाबरायला हवं होतं. तेवढीही ताकद नव्हती. बसमध्ये डोळा लागला, हमरियाचा स्टॉप गेला, मागे चालत आलो.

२३ जाने.
सुट्टी कशाला घेतली, हे थॉमसला सांगावंच लागलं. आधी चेहरा पाडला. मग दोन मिनिटांनी स्वतःच काउंटरवर आला. "दिलीपभाई, ये कस्टमर को बोलो ना. झूठ थोड़ी है."
झूठ नाही, खरंय.

२५ जाने.
पहिल्यांदा सांगितलं. निवृत्त ओमानी मास्तर, पांढरी दाढी, मुलाच्या जुन्या फोनच्या जागी नवा घ्यायला आलेले. त्यांनी विचारलं, "तुम ख़ुद पहनता है, या सिर्फ़ बेचता है?" मग सगळं सांगितलं. ऐकून माझा हात हातात घेतला, घड्याळ बघितलं, मलाही बघितलं. दोन घेतली. एक बायकोला.
थॉमसने टाळी दिली.

३ फेब्रु.
खपतायत. रोज दोन, कधी तीन. अर्बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं बहुतेक : वेळ बघायला कोणी घेत नाही. पावलं मोजायला घेणारे थोडे. भीती वाटली की घेतात. आणि भीती दाखवायला मी उभा आहे.
आज सांगताना 'मी स्टॉकरूममध्ये पडलो' असं तोंडून गेलं. पुढच्या गिऱ्हाइकालाही तसंच सांगितलं. मग तिसऱ्याला.
मुश्ताक शेजारी कव्हरं लावत होता. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "पडलास कधी रे?" हसत नव्हता.

८ फेब्रु.
अर्बाब आले. विक्री बघून खूश. थॉमसने कौतुकाने माझी गोष्ट सांगितली, पडलो तेही. अर्बाबांनी खांद्यावर हात ठेवला. "अल्हम्दुलिल्ला, दिलीप, अल्हम्दुलिल्ला." मग जाता जाता : "तुझा व्हिसा कधी संपतो?"
एप्रिलमध्ये, म्हटलं.
मान हलवली. गेले.
त्यात काही असेल, काही नसेल. दिवसभर तेवढंच डोक्यात.

११ फेब्रु.
एक बाई आल्या, पुण्याकडच्या. मुलगी सोबत, शाळेच्या गणवेशात. मैत्रिणीकडून माझी गोष्ट ऐकून आल्या होत्या. नवरा पन्नाशीचा, कामाचा ताण, डॉक्टरकडे जायला तयार नाही.
"तुम्ही खरंच पडलात का हो?"
थॉमस तीन हातांवर. तरी म्हटलं, "नाही पडलो. खोक्यावर बसलो नुसता. त्रास दोन महिने आधीपासून होता, मीच दुर्लक्ष केलं."
मुलगी म्हणाली, "मम्मा, मग बाबांना पण… म्हणजे, आधी डॉक्टरच बरा ना?" अडखळत, पण मराठीत.
घड्याळ न घेता गेल्या. डॉक्टरीणबाईंचं नाव लिहून दिलं.
थॉमसने सगळं ऐकलं, पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. आजपासून पडलो म्हणणार नाही.

१४ फेब्रु., शुक्रवार
सुनंदाचा फोन. कळलं तिला. मुश्ताकने घरी सांगितलं, त्याच्या बायकोने माझ्या मेहुणीला, असं फिरत फिरत.
मला वाटलं रडेल. रडली नाही.
"अहो, रोज परक्या माणसांना सांगत होतात?"
विक्रीसाठी सांगावं लागतं म्हटलं.
"म्हणजे मी घड्याळ घेतलं असतं, तर मलाही सांगितलं असतंत."
मुश्ताकवर चिडलो. त्याने पुढ्यात चहा ठेवला आणि बाहेर गेला. चूक त्याची नाही.

१८ फेब्रु.
पुण्याहून लेकीचा, ऋताचा फोन. तिने उपाय काढलाय. आईला स्मार्टवॉच घेणार, माझं सुनंदाच्या फोनला जोडणार, माझे ठोके घरबसल्या दिसतील. "बाबा, एक बटण दाबायचंय तुम्हाला. परवानगी द्यायची फक्त."
बटण समोर होतं. देतो म्हटलं. दिली नाही.

२० फेब्रु.
व्हिसाचे कागद थॉमसने मागितले. "मेडिकल होगा, फिर देखते हैं, इन्शाल्ला." काउंटर राहणार, हे नक्की झालंय. काउंटरवर मी राहणार का, ते विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

२३ फेब्रु.
दुपारच्या सुट्टीत खोलीवर गेलो नाही. दुकानामागे सावलीत बसून सुनंदाला फोन लावला. ऋताचं घड्याळ तिने नको सांगितलंय म्हणे.
"रोज तुम्हीच सांगा. या वेळेला."
बरं, म्हणून मनगट बघून ठोके वाचून दाखवले.
"आकडा नको. तुम्ही कसे आहात?"
बरा, म्हणणार होतो. गेली एकवीस वर्षं तेच म्हणतोय. तोंडातून भलतंच आलं. "थकलोय गं. खूप थकलोय."
ती हळूच म्हणाली, "मग या की परत. का राहायचंय अजून?"
आतून थॉमस हाक मारत होता, यल्ला, जल्दी, कस्टमर. उद्या सांगतो म्हटलं. नक्की का, विचारलं तिने. नक्की, म्हटलं.
संध्याकाळभर माणसांना घड्याळं दाखवली. उद्या दुपारपर्यंत ठरवायचं आहे.