ललितच्या गॅलरीतून दिसणारं आमचं अंगण

२ एप्रिल २०२४, सकाळी
रिटायर झाल्यापासून रोजनिशी लिहीन लिहीन म्हणत होतो. विषय नव्हता. आता शेजारच्या ललितनं विषय दिला.

त्यानं वरचा मजला चढवला. चढव बाप्पा, घर तुझं. पण गॅलरी काढली ती नेमकी आमच्या अंगणावर! मी सकाळी बनियान-लुंगीत बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसून पेपर वाचतो. अर्ध्या अमरावतीतली माणसं अशीच वाचतात. आज मान वर केली तर त्याची बायको पौर्णिमा तिथे कपडे वाळू घालून राहिली होती. नजर माझ्यावर. म्हणजे चिमट्यांवर होती, पण मधूनमधून माझ्यावर. माणसाला काही प्रायव्हसी आहे की नाही?

आशाला सांगितलं. ती म्हणे, भगवंतराव, तुमाले कोन पायते जी या वयात?

बायकोनं नावानं हाक मारली की समजावं, चेष्टा चालू आहे.

निश्चय: भिंतीच्या कडेनं झाडांची उंच ओळ. बारा महिने हिरवी. लवकर वाढणारी. शेतीखात्याच्या ऑफिसात जिंदगी घातली मी. रजेच्या अर्जांच्या टेबलावर होतो हे खरं, पण कानावर सगळंच पडत होतं.

५ एप्रिल
बडनेरा रोडवर रऊफभाईच्या नर्सरीत गेलो. म्हटलं, सगळ्यात फास्ट काय? म्हणाले, कोनोकार्पस. लावा आन् मागं पाहू नका. माणूस स्वभावानं गोड आहे. रोपं घेतली. निघताना म्हणाले, पुन्हा या साहेब. इतक्या लवकर पुन्हा कशाला बोलावतात, समजलं नाही.

९ एप्रिल, गुढीपाडवा
साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त. आज लागवड!

आशा शेतकऱ्याची पोरगी, भातकुलीकडची. सकाळपासून डोकं खाऊन राहिली. म्हणे, वैशाखाच्या तोंडावर कोनी झाड लावते का? मिरुग लागू द्या, पाऊस पडू द्या. मी म्हटलं, पाडव्याला सोनं घेतात, गाडी घेतात, घरात पाय ठेवतात. मग झाडानंच काय घोडं मारलं? ती पुरणाकडे वळली. म्हणजे पटलं तिला.

काळ्या मातीला हातभर भेगा पडल्या आहेत, त्यामुळे खड्डे खणायचं काम वाचलं. भेगांमध्येच रोपं बसवली. कल्पक काम झालं.

निश्चय: रोज पहाटे पाच वाजता पाणी.

१० एप्रिल
उठायला आठ वाजले. सणाचं जेवण जड झालं होतं. उद्यापासून.

११ एप्रिल
उद्यापासून.

१४ एप्रिल, रविवार
शास्त्रीय पाहणी केली. अंगण वरून किती दिसतं, हे अंगणात उभं राहून कसं समजणार? त्याला वरच जावं लागतं. ललितकडे गेलो, म्हटलं, उलीसं, दोन मिनिटं, तुमच्या गॅलरीत बसतो. पोरगा सरळ आहे, नांदगाव पेठेच्या एका कापड मिलमध्ये सुपरवायझर आहे. खुर्ची दिली. पौर्णिमानं चहा दिला, आलं घातलेला. आशा आल्याला हात लावत नाही.

निष्कर्ष: सगळं दिसतं. बंगई दिसते, लुंगी दिसली असती, आणि आशा पण दिसली. कूलरसमोर बाजेवर पाय पसरून गाणं म्हणून राहिली होती. मोठ्यानं! मी घरात असताना ही कधी गुणगुणतसुद्धा नाही. बरं नाही वाटलं. गाणं जुनं होतं.

दर रविवारी पाहणी करायची. नोंद ठेवायला बरं.

२० मे
ऊन म्हणजे नुसता तवा. रोपांची पानं तपकिरी झाली. ही त्यांची विश्रांतीची अवस्था असते. आशा म्हणे, विश्रांती नाही, मेली ती. तिला वनस्पतिशास्त्र नाही.

२ जून
मेली. मातीचा दोष.

७ जुलै
पाऊस बरा झाला. रऊफभाईकडे पुन्हा गेलो. ओळखलं त्यांनी, खुर्ची पुसून दिली. यावेळी माझ्या छातीला लागणारी रोपं घेतली. आशानं खड्डे खणून ठेवले होते, मी मार्गदर्शन केलं.

निश्चय: पहाटे पाच. पावसाळा संपला की.

२८ जुलै, रविवार
युरिया दिला. दोन रोपं जळाली. आशा म्हणे, मुठीनं नाही जी, चमच्यानं देतात. हे आधी सांगता येत नव्हतं का? पण खरं कारण वेगळं आहे. परवाच पौर्णिमा गॅलरीतून म्हणाली होती, काका, झाक, एकदम मस्त वाढून राहिली झाडं! लागली ना नजर! भिंतीला लिंबू-मिरची बांधली. मी काही अंधश्रद्धाळू नाही. कीडनियंत्रणाचा एक भाग म्हणून बांधली.

१० नोव्हेंबर
पावसाळा संपला. पहाटे पाचचा अलार्म लावला. आशानं बंद केला.

१९ जानेवारी २०२५, रविवार
झाडं माझ्या डोक्यावर गेली! पाणी मी फार देत नाही, हे मान्य. अलार्मचं काही जमून नाही राहिलं. पण मी त्यांच्याशी बोलतो. बंगईवर बसून पेपरातल्या बातम्या मोठ्यानं वाचतो. त्याचाच परिणाम असणार, दुसरं कारणच नाही. सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमध्ये यावर छोटं भाषण दिलं. टाळ्या पडल्या. थंडी होती म्हणून टाळ्या वाजवल्या असं अकोल्याचे पुंजाजी म्हणाले. त्यांचा स्वभावच तसा.

आता रविवारची पाहणी कमी पडते. बुधवारीही जातो. चहा होतोच.

५ मार्च, बुधवार
ललितकडे पाहुणे होते. तिघं. एकजण साबुदाणा खिचडी खाऊन राहिला होता, म्हणजे उपवास असणार, पण बुधवारी कसला उपवास? मी विचारलं. पौर्णिमा कप गोळा करायला लागली. लोकांना साध्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

११ मे
भर उन्हाळ्यात झाडं हिरवीगार. गॅलरीचा खालचा अर्धा भाग झाकला. मागच्या वर्षी मातीचाच दोष होता, हे सिद्ध झालं.

२६ ऑगस्ट
गॅलरीतून आता एक कोपरा सोडला तर अंगण दिसत नाही, फक्त पानं. मागे ललित म्हणाला, काका, काम झालं ना तुमचं? आता कशाला जिना चढायचा त्रास घेता? पोराला माझ्या गुडघ्यांची काळजी आहे. त्याला म्हटलं, त्रास कसला? पण पुढच्या बुधवारी गेलो तर दार बंद. त्याच्या पुढच्या रविवारी पण बंद. आत कुकरची शिट्टी होत होती.

२ सप्टेंबर
शेंडे छाटायला शिडी आणली. शिडीवरून फार बरं दिसतं. पौर्णिमाच्या किचनमधला ओटा नवा केला, काळा ग्रॅनाईट. मागच्या खोलीत हत्यारांची पेटी आहे, भिंतीला करवत लटकवलेली आहे. टीव्ही कोपऱ्यात ठेवला, चुकीची जागा, उजेड पडतो. शिडीवरूनच ओरडून सांगितलं तर पडदा ओढून घेतला. आभार मानायची पद्धत राहिली नाही.

छाटणी उद्या.

२३ नोव्हेंबर, रविवार, गाडीत
मूर्तिजापूरला आशाच्या भाच्याचं लग्न. बडनेऱ्याहून सकाळची गाडी, म्हणून रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा पहाटे पाचला उठलो. अंगणात गेलो तर पाण्याचा आवाज.

भिंतीपलीकडे ललित. हातात नळी. माझ्या झाडांना पाणी देऊन राहिला होता. वरून पौर्णिमा हळूच सांगत होती, त्या कोपऱ्यातल्याले जास्त टाका, तिथून काकाचं डोकं अजून दिसते.

मी खोकलो. नळी पडली. ललित म्हणाला, नमस्कार काका. मीही नमस्कार म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ऑटोत आशाला सांगितलं. ती म्हणे, मागच्या सालच्या पावसाळ्यापासून टाकून राहिले ते. खत पन तेच आनतात. आपल्या भिंतीवरून पाणी पोचत नव्हतं, तं नळी मीच देली. मी म्हटलं, मला काहून नाही सांगितलं? तर म्हणे, तुमी त्या ग्रुपमंधी भाषन देऊन राहिले होते ना. चारचौघांत तुमचा पचका झाला असता.

बडनेऱ्यापर्यंत ऑटोतून बाहेरच पाहत होतो. आता गाडीत ती समोर बसून शेंगा सोलून राहिली आहे. मला दिल्या. घेतल्या.

लग्नातलं जेवण गोड नाही लागणार.

३० नोव्हेंबर, रविवार
प्रकल्प यशस्वी झाला हे मान्य केलं पाहिजे. अंगण पूर्ण बंद. बंगईवर बसलो. सदरा घातला होता, इस्त्रीचा. पेपर मोठ्यानं वाचला. कोणी काका म्हणून हाक मारली नाही, चिमट्यांचा आवाज आला नाही, वर कोणी आहे की नाही तेही समजलं नाही. दोनदा उगाच खोकलो. खोटं कशाला लिहू, करमून नाही राहिलं. दिवसभरात आपल्याकडे पाहणारं कोणीतरी होतं, तेही मीच झाकून टाकलं.

आशाला म्हटलं, मधलं एक झाड काढावं का? हवा खेळती राहील. ती म्हणे, काढा. पण आपल्याकडे करवत नाही.

संध्याकाळी ललितकडे गेलो. करवत मागितली. म्हणाला, नाही जी काका, आमच्याकडे नाही. दारातच उभा होता, अर्धं दार धरून. आत या म्हणाला नाही. आतून आल्याच्या चहाचा वास येऊन राहिला होता.

आणि करवत आहे त्याच्याकडे. मागच्या खोलीत, भिंतीला. मी या डोळ्यांनी पाहिली आहे.