सराय वाऱ्यानं पडली

४ मार्च २०१३, सोमवार
विद्यापीठाची माणसं आली. आमच्या कुरणात, रस्त्यालगत, दीडशे वर्षांपूर्वीची सराय होती. सोन्याच्या खाणींकडे निघालेले लोक तिथं मुक्काम करायचे. आता नुसतं गवत. तिथं खोदणार. त्यांची प्रमुख टेस हॅलोरन, पोरगेलीच आहे. सराय कधी पडली, विचारत होती. १९८९च्या वादळात, म्हणालो. चोवीस वर्षं हेच सांगतोय, म्हणजे जवळजवळ खरंच झालंय. शिवाय मी ट्रॅक्टरनं ओढून पाडली तेव्हा वाराही होताच.

५ मार्च
शेजारच्या म्यूरिअल पास्को खुर्ची घेऊन खड्ड्याशी येऊन बसल्या. वय सत्त्याऐंशी. सराय त्यांच्या पणजीची. संकल्प: आज चहाच्या वेळी बाईंना खरं सांगायचं.
सायं. ५. नाही सांगितलं. त्यांनी स्कोन आणले होते. खाताना कुणाचा मूड घालवू नये.

८ मार्च
मातीच्या चिलमीचा तुकडा, बाटल्यांच्या काचा, लहान मुलाच्या बुटाचा तळ. तो तळ बाई हातातून सोडेनात. मी मेंढ्या बघायला गेलो. मेंढ्या ठीक होत्या. दुपारी परत बघितल्या.

१२ मार्च
टेस म्हणाली, मिस्टर ट्रेविन, वारा दगड सरळ रेषेत फाटकापर्यंत ओढत नेत नाही. बाकीचे दगड कुठायत? वादळ जबरदस्त होतं, म्हणालो. ती हसली नाही.

१३ मार्च
उद्या नक्की. दीड पान भाषण लिहिलं. पडकं पाडा म्हणून विम्यावाल्यांचा तगादा, आतले साप, तेव्हाचं माझं वय. वाचताना मलाच माझी दया आली. फर्स्ट क्लास झालंय.

१४ मार्च
पाऊस. भाषण भिजलं असतं.

१५ मार्च
भाषण घरीच राहिलं. खड्ड्याच्या काठावर एकदम बोलून गेलो: बाई, सराय मी पाडली. दगड फोडून वाटेच्या भरावात घातले.
बाई म्हणाल्या, माहितीय रे डेस. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसतं. दोनदा ट्रॅक्टरची साखळी निसटली होती तुझी.
मग इतकी वर्षं गप्प का, विचारलं.
म्हणाल्या, वाऱ्याला काय विचारणार? आता तू कबूल केलंस, तर सांग. तुझ्या बापानं मला कधी आत पाऊल टाकू दिलं नाही. चुलाण्यावरच्या भिंतीत पणजीनं आपल्या सगळ्या मुलांची नावं कोरली होती म्हणे. जगलेल्यांची आणि गेलेल्यांचीही. काय नावं होती रे?
त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली, वहीचं कोरं पान उघडलं.
साखळी मी त्याच भिंतीला बांधली होती. पाचेक मिनिटं तिच्यासमोर उभा होतो.
वर बघितलंच नव्हतं.