एक टोला

आबा, तुमच्यावर मी रागावले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझे केस आता तुमच्यापेक्षा पांढरे आहेत, तरी हा राग निवला नाही. परवा तर तो दुधासारखा उतू गेला. माझी नात पुण्यात पोलिसात आहे. काठी घेऊन फिरत नाही, फोनवर बसते. संकटातल्या माणसानं फोन लावला की ती उचलते. सुट्टीला आली होती. भाकरी मोडता मोडता म्हणाली, "आजी, काही बायका फोन लावतात आणि बोलतच नाहीत गं. नुसता श्वास ऐकू येतो. मागं भांडं आदळल्याचा आवाज. शेजारच्या टेबलावरचा म्हणतो, मुका फोन आहे, ठेवून दे. तू सांग, काय करू?" माझा घास हातातच राहिला. मला आपल्या चावडीपुढचा आंबा दिसला.

त्या आंब्याला आगगाडीच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता आणि शेजारी सुंभानं बांधलेला हातोडा. दोन टोले म्हणजे चावडीवर जमा, तीन म्हणजे वाघरू नाहीतर चोर, न थांबता वाजला तर आग. हा हिशेब तुमचाच. पोलीस पाटलाच्या गावात टोलासुद्धा शिस्तीत वाजला पाहिजे, असं तुम्ही म्हणायचात. एका टोल्याला मात्र तुमच्या हिशेबात काहीच अर्थ नव्हता.

भाताची झोडणी चालली होती. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, सातवा लागला होता. तुम्ही नसरापूरच्या बाजारातनं डिंक आणि खारका आणल्या होत्यात, आणि मी जड उचललं की आईवर ओरडत होतात. अशा त्या भर दुपारी टोला पडला. एकच. माणसं खळ्यावरनं उठली, हातात येईल ते घेऊन पळत आली. आंब्याखाली ती उभी. घाटाखालनं लग्न होऊन आलेली, गावात जेमतेम दोन पावसाळे काढलेली. पदर नाकापर्यंत, हातात हातोडा.

"काय झालं गं? आग कुठं हाय?" तुम्ही विचारता. ती गप्प. गर्दीतला एक जण म्हणतो, "कोंबडी हरावली आसंल, पाटील!" सगळे हसतात. तेवढ्यात तिचा नवरा घाम पुसत पुढं येतो. "पाटील, मनावर घिऊ नगा. जरा डोस्क्यानं हालकी हाय. घाटाखालचं पानी, दुसरं काय."

आणि मग तुम्ही ते विचारलंत, आबा, जे मी आजवर गिळू शकले नाही. "ह्यो तुजा नवरा हितं हुबा हाय. ह्याच्याम्होरं सांग, काय तरास हाय तुला?"

त्याच्याम्होरं! तो तिच्यापासून एका हातावर उभा होता. तिनं हातोडा हळूच पारावर ठेवला, पाळण्यात मूल ठेवावं तसा. तुम्ही म्हणालात, "वाचा न्हाई तर टोला कशापायी मारलास? ने रे हिला घरी. आन् पुन्ना हात लावशील तर बघ." सुंभ कापलंत, हातोडा घरी आणलात आणि स्वयंपाकघरात कणगीच्या मागं ठेवलात. "बायकांचा ख्योळ न्हाई त्यो. कुनी हात लावायचा न्हाई." आईनं भीतभीत विचारलं, "आवो, तिचं मनगाट बघितलंसा का? काळंनिळं झालंय." तुम्ही ताट पुढं ओढलंत. "तिनं तक्रार क्येली का? न्हाई ना? मंग म्या काय करू?"

काय करू म्हणता? गावच्या कोंडवाड्यात पाठीवर वळ असलेली एक गाय आली होती, आठवतं? तुम्ही तिच्याभोवती फिरलात, वळावर बोट ठेवून पाहिलंत, मालकाला चावडीवर बोलावून सगळ्यांदेखत झाडलंत. "मुकं जनावर हाय, त्येला बोलता येत न्हाई, पर मला डोळं हायत," असं म्हणालात. मला केवढा अभिमान वाटला होता तुमचा! गाईसाठी तुम्हाला डोळे होते. बाईसाठी फक्त कान होते, आणि तेही तिनं बोलावं म्हणून ताटकळलेले.

सहाव्या दिवशी सकाळी ती ओढ्याच्या डोहात सापडली. तुम्ही पंच बोलावलेत. तुम्हाला ठाऊक नव्हतं, पण तुमच्या टाकाऊ कागदांवरूनच मी अक्षरं ओळखायला शिकले होते. शाळेत तर तुम्ही घातलं नव्हतंत. भोरच्या कचेरीत पाठवायचा पंचनामा तुम्ही लिहीत होतात आणि मी मागं तांदूळ पाखडत, अक्षर लावत वाचत होते. पाय घसरून पाण्यात पडून मयत. पाच दिवसांपूर्वी तिनं टोला मारला होता, हे कुठंच नव्हतं. मारला हे अख्ख्या गावानं ऐकलं, आणि कागदावर तो पडलाच नाही. तुम्ही वाईट नव्हतात हो. तेच तर मला जाळतं. वाईट माणसावर रागावून मोकळं होता येतं. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत, हेही मी पाहिलं. एका दिवसाच्या उपासानं काय होतं?

नातीला मी सांगितलं ते तुम्हालाही सांगते. न बोलणं हीच तिची तक्रार समजायची. जी बाई उन्हातनं चालत येऊन लोखंडावर घाव घालते, ती खेळायला येत नाही. आधी त्या पुरुषाला तिथनं हलवायचं. बैल सुटलाय म्हणा, कचेरीतनं माणूस आलाय म्हणा, काहीही म्हणा. गर्दी पांगवायची. तिला आईजवळ चुलीपाशी बसवायचं, पाणी द्यायचं. मग मानेनं उत्तर देता येईल असं विचारायचं. घरी जायची भीती वाटते का? मान हलली, पुरे. नाही हलली, तरी आपण दुसऱ्या दिवशी काही निमित्त काढून तिच्या दारावरनं जायचं, आणि तिसऱ्या दिवशीही. आणि लिहून ठेवायचं, की आली होती. नात म्हणाली, "आजी, फोनवर चूल कुठनं आणू?" मी म्हटलं, चूल नको, फोन ठेवू नकोस एवढंच कर. हो असेल तर एकदा फोनवर बोट वाजव, असं तिला म्हण. आणि माणूस पाठव. घरी सगळं ठीक निघालं तर माणसाची एक खेप फुकट गेली, एवढंच ना? ती हसली. म्हणाली, "तू पोलीस पाटील व्हायला हवी होतीस."

तिथं मात्र मी उठून ताटं उचलायला लागले. कारण ती पुन्हा आली होती, आबा. डोहात सापडली त्याच्या आदल्या दुपारी. तुम्ही खळ्यावर होतात, आई झोपली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात, समोर चावडीचा आंबा दिसतो तिथं बसून तुमच्या खारकांतल्या बिया काढत होते. ती आंब्याखाली आली. सुंभाचं तुटकं टोक हातात धरून पाहिलं. पारावर पाहिलं, मुळांत पाहिलं. मग उघड्या तळहातानं तिनं त्या रुळावर मारलं. एकदा, दोनदा, तीनदा. आवाज कसला येणार? रूळ नुसता हलला. ती वळली, आणि तिनं मला पाहिलं. कणगी माझ्या पाठीशी होती, हात लांबवला असता तर हातोडा मिळाला असता. तुम्ही म्हणाला होतात, कुणी हात लावायचा नाही. मी खाली पाहिलं आणि पुढची खारीक उचलली.

हे आईला सांगितलं नाही, तुम्हाला नाही. नातीला एवढं सोडून बाकीची गोष्ट सांगितली. मधल्या दिवसांत ती बाई पुन्हा टोला मारायला आलीच नाही का, असं नातीनं विचारलं. मी म्हटलं, काय माहीत बाई, मी तेव्हा सासरी होते.