टुंगच्या तेलाची तार

११ फेब्रुवारी
कढई गेली! टुंगच्या बियांचं तेल डोळ्यांदेखत थिजलं — वीस लिटर, रबरासारखं. छिन्नीने कोरून काढताहेत. एकोणचाळीस वर्षं व्हार्निश शिजवतेय, असं कधी झालं नव्हतं. कारखाना धाकट्या भावाचा. सगळ्यांदेखत म्हणाला, "ताई, तू आता डब्यांना लेबलं चिकटव."

१२ फेब्रुवारी
लेबलं. दिवसभर.

१५ फेब्रुवारी
भाचा रसायनशास्त्र शिकून आलाय, कढई आता त्याच्याकडे. त्याचं पुस्तक मागून आणलं, भिंग लावून वाचलं. या तेलात एक आडनिडं आम्ल असतं — अल्फा-इलिओस्टिअरिक. म्हणता म्हणता कवळी हातात यायची. त्यात तीन दुहेरी बंध, एकाआड एक. म्हणून तापलं की रेणू एकमेकांच्या गळ्यात पडतात ते सुटतच नाहीत. जवसाच्या तेलाचं तसं नाही. ते बिचारं तासन् तास तापवा, पातळ ते पातळच. टुंगला मात्र आठ मिनिटांत तार येते. ती बोटाला कळली की कढई लगेच उतरवायची, नाहीतर झालंच कल्याण. हे मला पुस्तकाआधी बोटांनी शिकवलं.

१९ फेब्रुवारी
भावाच्या पाठीस लागले — एक घाणा काढू दे. म्हणाला, "जमला तर कढई तुझी. बिघडला तर पुन्हा नाव काढायचं नाही."
भावजय म्हणते, "वन्सं, तारही भिंगातूनच बघणार का?"
हसले मीही. काय करणार.

२१ फेब्रुवारी
जमलं. तिघंही पाठीशी उभी होती. वास बदलला तसा थेंब काचेवर घेतला, बोट टेकवून उचललं — लांब, बारीक, कोळ्याच्या धाग्यासारखी तार. "उतरवा" म्हटलं.
भाऊ म्हणाला, "ताईचा हात तो ताईचाच."
भावजयीने स्वतः चहा आणला. भाचा तेवढा खाली बघत होता. कढई हुकल्याचं वाईट वाटलं असेल. म्हटलं, "खट्टू होऊ नकोस रे, तुलाही शिकवीन."

२३ फेब्रुवारी
भाचा एकटाच आला. "आत्या, परवा कढईत जवसाचं तेल होतं. बाबांनीच घालायला लावलं. यापुढेही तुला तेच देणार आहेत. टुंग मी मागच्या शेडमध्ये शिजवतोय."
म्हटलं, "अरे, वासावरूनच ओळखलं होतं मी. तुमची गंमत बघत होते."
त्याला हायसं वाटलं.
उद्या आठव्या मिनिटाला पुन्हा "उतरवा" म्हणायचं आहे.