चेहऱ्यातला राखाडी

३ जून
निवृत्त बाईने घरी बसून भाजी निवडावी, असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं होतं. आज त्यांच्या नाकावर टिच्चून फोटो छापण्याच्या दुकानात रुजू झाले! तीस वर्षं चित्रकला शिकवलीय. रंग मला कळतो. प्रिंटरवर नऊशे रंगीत चौकोन छापायचे, वाळू द्यायचे, मोजणीयंत्र टेकवून एकेक वाचायचा. मागितलेल्या आणि उमटलेल्या रंगातला फरक भरून काढणारी फाइल म्हणजे प्रोफाइल. मालक चहाच्या बोटांनी प्रिंट धरतात. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी पट्टीच हाणली असती. मी नुसतं झापलं.

६ जून
नवं प्रोफाइल झकास. चौकोन तंतोतंत. पोस्टमनचा फोटो तेवढा बिघडला: शर्ट निळा, भिंत पांढरी, चेहरा मात्र राखेसारखा. मालक म्हणाले, शाई संपत आली असेल. शाई काय चेहरा बघून संपते? चेहऱ्यावर यंत्र टेकवून आकडा टिपून ठेवला.

९ जून
पोस्टमन गेला. काल, सायकलवरून उतरता उतरता. गेल्या महिन्यात शिंपीही असाच राखाडी छापला गेला आणि तिसऱ्या दिवशी गेला, हे मालकांनी आज सांगितलं. इतके दिवस मिठाची गुळणी धरून बसले होते!

११ जून
घरी मी आणि धाकटी बहीण, दोघीच. तिने आमचा जोडीचा फोटो मोठा करायला दिला. म्हणाली, ताई, मला दहा वर्षांनी लहान कर, तू आहेस तशीच बरी.
छापला. मी ठीक. ती राख.
यंत्र टेकवलं. पोस्टमनच्या चेहऱ्याचाच आकडा.

१२ जून
कागद बदलला, शाई बदलली. राखच. शेवटी प्रोफाइल उघडून तो राखाडी हाताने खेचला, लाल भरला. रंग मोजायचा असतो, मनासारखा करायचा नसतो, हे मलाच कोणी शिकवू नये. केलं. धाकटी गुलाबी उमटली. ढसाढसा रडले.

१३ जून
ती ठणठणीत. सकाळीच दुधावरून भांडली.
फोटोत तिच्या खांद्यावर माझा डावा हात आहे. तो राख.
खऱ्या हाताला यंत्र टेकवलं. तोच आकडा.

१४ जून, सकाळ
कोपरापर्यंत. गार. प्रोफाइल पुसलं तर हात सुटेल. आणि ती—
नाही. पुसायचं नाही. कितीही भीती वाटली तरी.

दुपार
उजव्याने लिहितेय. डावा ऐकत नाही. माउसवर जाऊन बसलाय. पडद्यावर चौकट: पुसायचं का? मी नाही उघडली. मी नाही—
मालकांना हाक मारली. येईनात.
खांद्याने मागे ओढतेय. जड. बोट खाली जातंय, धाकटे, मी नाही गं, हा हात मा—