पाच यंत्रांचा एक वायसर

प्रिय बाबा,

एकाच घरात राहून पत्र लिहितेय म्हणून हसू नका. तोंडावर बोलायला गेले की तुम्ही चहा टाक म्हणून विषय बदलता, गेले चार महिने बघतेय. काल तर तुम्ही स्वयंपाकघरातल्या बरण्यांना नंबर चिकटवत होतात. आई वैतागलीय, म्हणते, कारखान्याचं स्टोअर सुटलं, आता माझ्या मिठाला तरी सोडा! मी हसले आणि आत जाऊन रडले.

तुमच्याच कारखान्यात नोकरीला लागून तुमच्या स्टोअरची यादी मी कॉम्प्युटरवर चढवायला घेतली, तो दिवस आठवतो? केवढ्या तोऱ्यात समजावलं होतं मी. प्रत्येक सुट्या भागाला एक ओळ, आणि त्या ओळीत एक रकाना, 'हा कशाचा भाग'. बेअरिंग मोटरचं, मोटर पंपाची, पंप यंत्राचा. ओळीला ओळ जोडत गेलं की अख्खं यंत्र उभं राहतं. तुम्ही डबीतून एक वायसर काढून माझ्यापुढे ठेवलात आणि विचारलंत, हा पाच यंत्रांत बसतो, मग एका रकान्यात याचे पाच बाप कसे मावणार? मी म्हटलं, कुठलाही एक लिहू हो, काय फरक पडतो! दीडशहाणी आहेस, एवढंच म्हणालात तुम्ही.

फरक पडला. जुना पंप मोडीत निघाला म्हणून मी त्याची ओळ पुसली. वरची ओळ गेली की तिच्याखालच्या सगळ्या आपोआप जाव्यात, हा नियमही माझाच. आणि पाचही यंत्रांना लागणारे वायसर, सील, बोल्ट मीच त्या एका पंपाखाली कोंबलेले. बघता बघता बाराशे ओळी साफ झाल्या. राखून ठेवलेली प्रत उघडेचना, कारण ती उघडते का हे मी कधी तपासलंच नव्हतं.

चार दिवस काम अडलं. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्ही उभे राहिलात. यादी मीच चुकीची दिली, म्हणालात. बत्तीस वर्षांत एक स्क्रू न हरवलेला माणूस! निवृत्तीला सात महिने उरलेले असताना तुम्हाला घरी बसवलं आणि मी मूग गिळून गप्प राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि चोर रोज तुमच्याच शेजारी बसून जेवतोय. लाज वाटते हो, बाबा.

यादी मी नव्याने बांधलीय. आता भाग एका तक्त्यात, आणि कोण कशात बसतो ते दुसऱ्या तक्त्यात, प्रत्येक जोडीला वेगळी ओळ. एक वायसर, पाच ओळी. एक पुसली तरी उरलेल्या चार जागच्या हलत नाहीत. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत तेच. पण या जोड्या लावणार कोण? ते सगळं तुमच्या डोक्यात आहे, आणि ते डोकं सध्या बरण्या मोजतंय.

हे पत्र तुमच्या चष्म्याच्या घरात ठेवतेय. नऊ वाजता पेपर वाचायला चष्मा काढाल, तेव्हा मी साहेबांसमोर बसलेली असेन. चूक कोणाची, ते लिहून, सही करून नेतेय. फोन करू नका, बंद ठेवलाय. नोकरी राहिली तर उत्तम; गेली तर दोघं मिळून आईच्या बरण्या लावू. पण तुमच्यावरचा डाग मी आज पुसणार म्हणजे पुसणार. तुम्ही माझ्यापुढे ठेवलेला तो वायसर तेव्हापासून माझ्या पर्समध्ये होता, तोही साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे. कुठे बसतो विचारलं तर सांगेन, बाबांना बोलवा.

तुमचीच,
दीडशहाणी