क्लचचा पाय

४ सप्टें. ९४, मंचेरियल
डॉ. म्हणाले, खाणीत चेंगरलेला डावा गुडघा आता एवढाच वाकेल. चालता येते, क्लच दाबता येत नाही. गाडी शेडमधी उभी. दर दसऱ्याले आमी पाच दोस्त निर्मल घाटात गाड्या पळवतो. आजवर एकदाही चुकलो नाही. यंदा... लय वाईट वाटून राह्यलं.

११ सप्टें.
माझा साळा, सुनंदाचा भाऊ, हैद्राबादहून आला, त्याची जपानी स्पोर्ट गाडी घेऊन. आटोमॅटिक. "भाऊजी, डाव्या पायाचं कामच नाही. दसऱ्यापर्यंत ठेवा."
म्या म्हटलं, गिअर गाडीच टाकते तं माणूस काऊन बसवता?
सु. : "आवो, आधी बसून तं पाहा!"

१८ सप्टें.
लक्सेट्टीपेट रोड. वळण आलं, सवयीनं डावा पाय क्लचवर हाणला. क्लच कुठचा! पाय पडला रुंद ब्रेकवर. सु.चं कपाळ काचेले, हे एवढं टेंगूळ. "मारता का मले?" परत येताना डावा पाय बाजूले लांब करून बसलो.

२ ऑक्टो.
पाय आता गप राह्यते. ॲक्सिलेटर तळाले दाबला तं गाडी खालचा गिअर घेते, पन थांबून, विचार करून. तेवढ्यात म्या दोनदा बदलला असता. गिअरची दांडी २ वर ठेवली तं वरचा घेत नाही. घाटात जमेल.
तरी इतक्या महिन्यांनी हाताखाली गाडी धावली. रडू आलं. खोटं काऊन लिहू.

९ ऑक्टो.
नरसिंग आला. आमच्या पाचात सगळ्यात तेज तोच. "अन्ना, रूल अंटे रूल. क्लच नाही तं शर्यत नाही." रूल पाचही जणांचा, माझाही. "आप आओ, मगर गिनती में नहीं."
डोकं सणकलं. चहा न पाजताच लावून दिला.

दसरा
गेलो. शेवटून सुटलो. दांडी २ वर. तिघं मागं पडले, नरसिंगले वरच्या वळणावर मागं टाकलं.
वर पयला पोचेल त्यानं बाकीच्यांच्या हातात जम्मीची, म्हंजे शमीची, पानं द्याची, ही आमची रीत. म्या पानं तोडून उभा. नरसिंग उतरला, म्या गिनतीत नाही म्हून त्यानंही तोडली. दोघंही समोरासमोर, कोनाचाच हात पसरेना. बाकीचे इकडेतिकडे पाहून राह्यले.
मंग तो म्हने, "अन्ना, गाडी आई, या तुम आए?"
घरी आलो. पानं अजून खिशात आहेत.